शांत पाण्याचा धोका : रिप प्रवाहांची निर्मिती, वर्तन आणि सार्वजनिक जबाबदारी



समुद्रकिनाऱ्यावर प्रथमच उतरणारा पर्यटक पाण्याची पारख डोळ्यांनी करतो. जेथे लाटा फुटतात आणि फेस उसळतो ती जागा तो टाळतो; दोन फेसाळ पट्ट्यांच्या मधली शांत, काहीशी गडद पाण्याची जागा त्याला सुरक्षित वाटते. नदीकाठी किंवा तळ्याकाठी वाढलेल्या माणसाच्या दृष्टीने ही निवड शहाणपणाचीच आहे. उघड्या समुद्राच्या पुळणीवर मात्र हेच शहाणपण अनेकदा जिवावर बेतते. त्या शांत पट्ट्यातूनच किनाऱ्यावर साचलेले पाणी वेगाने समुद्राकडे परतत असते. या परतीच्या अरुंद आणि जोरदार प्रवाहाला ‘रिप प्रवाह’ म्हणतात.

वादळ, त्सुनामी किंवा महापूर यांप्रमाणे रिप प्रवाह बातम्यांत गाजत नाही. तो एका वेळी एक-दोन माणसांना ओढून नेतो आणि बातमी स्थानिक पानावरच संपते. तरीही किनारी धोक्यांमध्ये त्याचे स्थान फार वरचे आहे. तो कसा निर्माण होतो, कोठे निर्माण होतो आणि कसा वागतो, याचे बरेचसे ज्ञान विज्ञानाने गेल्या नव्वद वर्षांत मिळविले आहे. हे ज्ञान पाण्यात उतरणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. म्हणूनच हा विषय सागरविज्ञानाइतकाच सार्वजनिक धोरणाचाही आहे.

नावातील घोटाळा

या प्रवाहाविषयीचे गैरसमज त्याच्या नावापासूनच सुरू होतात. इंग्रजी बोलीत त्याला दीर्घकाळ ‘रिप टाइड’ म्हणत आणि त्यामुळे तो भरती-ओहोटीचा प्रकार असल्याची समजूत रूढ झाली. अमेरिकेतील सागरी भूशास्त्रज्ञ फ्रान्सिस शेपर्ड यांनी १९३६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक टिपण लिहून ‘रिप करंट’ ही संज्ञा सुचविली. पुढे कॅलिफोर्नियातील ला होया येथील स्क्रिप्स संस्थेच्या परिसरात शेपर्ड, एमरी आणि ला फाँड यांनी या प्रवाहांची पद्धतशीर निरीक्षणे केली. त्यांचा १९४१ मधील निबंध या अभ्यासाचा पाया मानला जातो. प्रवाहाचे तीन भाग त्या काळापासून ओळखले जातात : किनाऱ्याला समांतर वाहत येणारे पुरवठा-प्रवाह, फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्याला छेदून जाणारी अरुंद ‘मान’ आणि त्या पट्ट्यापलीकडे पसरत जाणारे ‘मस्तक’.

दुसरा गैरसमज असा, की हा प्रवाह माणसाला तळाशी खेचतो. लाटा फुटल्यानंतर तळालगत समुद्राकडे परतणारा एक प्रवाह असतो; तो अधःप्रवाह होय. तो पुळणीच्या बऱ्याच मोठ्या लांबीवर पसरलेला असून पायाखालची वाळू सरकल्याचा अनुभव देतो. रिप प्रवाह मात्र अरुंद पट्ट्यात एकवटलेला असतो आणि माणसाला आडवा, समुद्राच्या दिशेने नेतो. माणूस बुडतो तो मुख्यतः भीतीने आणि दमछाकीने, कारण प्रवाहाविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा तो आटापिटा करीत राहतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही. खाली खेचले जाण्याची भीती मनात असलेला माणूस हातपाय झाडतो. आपण पृष्ठभागावरच राहणार आहोत हे ज्याला ठाऊक असते तो तरंगू शकतो.

पाणी मागे का फिरते?

लाटा किनाऱ्याकडे केवळ ऊर्जा आणत नाहीत, तर संवेगही आणतात. लाट फुटते तेव्हा हा संवेग पाण्याच्या स्तंभात उतरतो आणि पाण्याला किनाऱ्याकडे रेटतो. परिणामी किनाऱ्यालगतची पाण्याची सरासरी पातळी बाहेरच्या समुद्रापेक्षा किंचित उंचावते. लाँगेट-हिगिन्स आणि स्टुअर्ट यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात या रेट्याचे गणित मांडले. लाटेची ऊर्जा आणि तिच्याबरोबर हा रेटा लाटेच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे लाटेची उंची दुप्पट झाली, तर तिची ऊर्जा चौपट होते. काल गुडघ्याएवढ्या लाटांत निर्धास्त खेळलेल्या माणसाला आज कमरेएवढ्या लाटांत वेगळाच समुद्र का भेटतो, याचे उत्तर या साध्या नियमात आहे.

पुळण सर्वत्र एकसारखी असती, तर हे पाणी ठरावीक एका जागी न जमता सगळीकडून सारखेच परतले असते. प्रत्यक्षात किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे दांडे असतात आणि त्यांच्यामध्ये ठिकठिकाणी खोलगट वाटा असतात. दांड्यावर पाणी उथळ असल्याने लाटा तेथे जोराने फुटतात आणि त्यामागची पातळी अधिक उंचावते. खोलगट वाटेवर लाटा कमी फुटतात. तेथे पातळी तितकी वाढत नाही. फरक अनेकदा काही सेंटिमीटरचाच असतो, पण पाण्याला तेवढा पुरतो. गच्चीवरचे पावसाचे पाणी ज्याप्रमाणे चारी बाजूंनी पन्हळीकडे धावते, त्याप्रमाणे दोन्ही बाजूंच्या दांड्यांमागचे पाणी किनाऱ्यालगत वाहत त्या वाटेकडे येते आणि तेथून समुद्राकडे फेकले जाते. बोवेन आणि इनमन यांनी १९६९ मध्ये सिद्धांत, प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष किनारा या तिन्ही पातळ्यांवर या यंत्रणेचा अभ्यास प्रसिद्ध केला.

येथे एक महत्त्वाचा परस्परसंबंध लक्षात घेण्यासारखा आहे. प्रवाह वाटेतील वाळू उचलून बाहेर नेतो, त्यामुळे वाट अधिक खोल होते. खोल वाटेवर लाटा आणखी कमी फुटतात आणि पाणी आणखी जोमाने तिच्याकडे वळते. वाळू प्रवाहाला घडविते आणि प्रवाह वाळूला घडवितो. शांत दिसणारे पाणी धोक्याचे का असते, याचेही स्पष्टीकरण यातच आहे : जेथे खोली आहे तेथे लाटा फुटत नाहीत आणि जेथे लाटा फुटत नाहीत तेथूनच पाणी परतते.

पुळणीचे स्वरूप आणि प्रवाहाचे प्रकार

ऑस्ट्रेलियातील राइट आणि शॉर्ट यांनी १९८४ मध्ये पुळणींचे वर्गीकरण मांडले. एका टोकाला रुंद, सपाट पुळणी असतात. तेथे लाटा दूरवर फुटत येतात आणि त्यांची ऊर्जा हळूहळू खर्ची पडते. दुसऱ्या टोकाला तीव्र उताराच्या, जाड वाळूच्या पुळणी असतात. तेथे लाट थेट काठावर आदळून परावर्तित होते. या दोहोंच्या मध्ये चार अवस्था आहेत आणि वाळूचे दांडे व खोलगट वाटा यांची रचना प्रामुख्याने याच मधल्या अवस्थांत आढळते. एकच पुळण ऋतुमानानुसार एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाते. म्हणून ‘अमुक किनारा सुरक्षित’ हे विधान वर्षभरासाठी करता येत नाही.

निर्मितीच्या कारणांनुसार रिप प्रवाहांचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगता येतात. पहिला, वाळूच्या वाटांतून वाहणारा. तो काही दिवस वा आठवडे एका जागी टिकतो आणि वाळू सरकली की जागा बदलतो. दुसरा, भूशीर, खडक, जेटी किंवा धूपप्रतिबंधक बांध अशा अडथळ्यालगत वाहणारा. किनाऱ्याला समांतर येणारे पाणी अडथळ्यापाशी अडते आणि बाहेर वळते, त्यामुळे या प्रवाहाची जागा बहुधा कायम असते. तिसरा, क्षणिक प्रवाह. तो सपाट तळाच्या पुळणीवरही लाटांच्या अनियमिततेमुळे अचानक उद्भवतो आणि काही मिनिटांत विरतो. पहिल्या दोहोंची जागा निरीक्षणाने आधी ओळखता येते. तिसऱ्याबाबत केवळ तो उद्भवण्यास अनुकूल परिस्थितीचा इशारा देता येतो.

प्रवाहाचे वर्तन

रिप प्रवाहाचा वेग सामान्यतः सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो. तो एक मीटरपर्यंत सहज जातो आणि दोन मीटरहून अधिक वेगाच्याही नोंदी आहेत. हे आकडे लहान वाटतात. परंतु शंभर मीटर अंतर दोन मिनिटांत पोहणाऱ्या बऱ्यापैकी जलतरणपटूचा वेग सेकंदाला ०.८३ मीटर इतकाच असतो. म्हणजे सेकंदाला एक मीटर वेगाच्या प्रवाहाविरुद्ध तो सर्व शक्तीनिशी पोहला, तरी मागेच जात राहील.

हा वेग स्थिरही नसतो. मोठ्या लाटांचा समूह आला की काही मिनिटांत प्रवाह अचानक बळावतो, नंतर मंदावतो. पाच मिनिटे कमरेएवढ्या पाण्यात निर्धास्त उभा असलेला माणूस सहाव्या मिनिटाला पाय उचलला जाऊन वाहून जाऊ शकतो, याचे कारण हेच. भरती-ओहोटी रिप प्रवाह निर्माण करीत नसली, तरी त्याचे नियंत्रण मात्र करते. ओहोटीच्या सुमारास दांड्यांवरचे पाणी उथळ होते, लाटा तेथे अधिक जोराने फुटतात आणि परतीचे पाणी वाटांमध्येच कोंडले जाते. त्यामुळे वाळूच्या वाटांतील प्रवाह अनेक पुळणींवर ओहोटीच्या आगेमागे अधिक जोरदार असतो.

प्रवाह माणसाला शेवटी कोठे नेतो, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे बदलले. पूर्वीच्या आकृत्यांत प्रवाह लाटांच्या पट्ट्यापलीकडे जाऊन विरत असल्याचे दाखविले जाई. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची यंत्रे बसविलेले तरंगक पाण्यात सोडून केलेल्या मोजमापांनी वेगळे चित्र समोर आणले. मॅकमहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, फ्रान्स व ब्रिटन येथील किनाऱ्यांवरील अशी मोजमापे २०१० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत बहुतांश तरंगक बाहेर न जाता काही मिनिटांत वर्तुळाकार मार्गाने पुन्हा उथळ दांड्याकडे परत आले. पुढील अभ्यासांत मात्र काही किनाऱ्यांवर, विशेषतः भूशिरालगतच्या प्रवाहांत, बाहेर जाण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले. निष्कर्ष एवढाच, की प्रत्येक पुळणीचा स्वभाव वेगळा असतो.

सुटकेचा मार्ग

या संशोधनाचा थेट परिणाम सुरक्षेच्या सल्ल्यावर झाला. ‘किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडा’ हा सल्ला अनेक दशके दिला गेला. अरुंद प्रवाहात तो आजही उपयोगी आहे. परंतु पाणी वर्तुळाकार फिरत असेल, तर चुकीच्या बाजूला निघालेला माणूस पुन्हा प्रवाहाशीच झुंजू लागतो. ‘केवळ तरंगत राहा’ हा सल्लाही प्रवाह दूरवर जाणारा असेल तर अपुरा ठरतो. ऑस्ट्रेलियात माणसांना प्रत्यक्ष प्रवाहात सोडून केलेल्या प्रयोगांतून २०१४ च्या सुमारास असे दिसून आले, की सर्व परिस्थितींत यशस्वी ठरणारी एकच युक्ती नाही.

त्यामुळे आजचा सल्ला क्रमाने दिला जातो. घाबरू नये, पाठीवर तरंगत श्वास सांभाळावा, हात उंचावून मदत मागावी, सरळ किनाऱ्याकडे प्रवाहाविरुद्ध पोहू नये, शक्ती शिल्लक असेल तर ज्या बाजूला लाटा फुटत आहेत त्या बाजूला, म्हणजे उथळ दांड्याकडे सरकावे. काठावरच्या माणसांनी हाती काही तरंगणारे साधन नसताना वाचविण्यासाठी उडी घेऊ नये. बुडणाऱ्यामागे वाचविणाराही जाणे ही या दुर्घटनांतील नेहमीची शोकांतिका आहे. तरंगणारी वस्तू, दोर आणि जीवरक्षकाला तातडीची हाक, हाच योग्य क्रम होय.

भारतीय किनारा

भारताच्या किनाऱ्याची लांबी पूर्वी ७,५१६.६ किलोमीटर मानली जाई. अलीकडील फेरमोजणीनुसार ती सुमारे ११,०९९ किलोमीटर आहे. या किनाऱ्यावर रिप प्रवाहांना अनुकूल परिस्थिती अनेक ठिकाणी आढळते. पश्चिम किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात उंच लाटा पुळणीवरील वाळू ओढून नेतात आणि ती पाण्याखाली दांड्यांच्या रूपाने साचते; पावसाळा ओसरल्यावर ती हळूहळू परत येते. हा संक्रमणकाळ म्हणजे पुळणीची तीच मधली अवस्था. आकाश निवळलेले, सुट्ट्या लागलेल्या आणि पाण्याखालची वाळू अजून स्थिरावलेली नाही, असा हा काळ असतो.

कोकणातील अनेक पुळणी दोन खडकाळ भूशिरांच्या मधोमध वसलेल्या आहेत. तेथे अडथळ्यालगतच्या प्रवाहांची शक्यता गृहीत धरूनच पर्यटनाची आखणी करणे इष्ट आहे. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरहून अधिक असतो, तर गोव्यात तो साधारण दोन मीटर असतो. त्यामुळे उत्तर कोकणात एकाच दिवसात, काही तासांच्या अंतराने, धोक्याची जागा आणि तीव्रता दोन्ही बदलतात. याशिवाय दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांनी निर्माण केलेल्या लांब लाटा काही दिवसांचा प्रवास करून भारतीय किनाऱ्यावर येतात. अशा वेळी स्थानिक वारा नसतो, ऊन असते आणि समुद्र मात्र खवळलेला असतो. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उंच लाटांचे आणि अशा लांब लाटांचे इशारे देते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे पुण्याहून सहलीसाठी आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. त्या दिवशी वादळ नव्हते आणि पावसाळाही नव्हता. अशा प्रत्येक घटनेनंतर हळहळ व्यक्त होते, काही काळ बंदी येते. परंतु त्या वेळी पाण्याची स्थिती, ओहोटीची वेळ, लाटांची उंची आणि तळाची रचना काय होती, याची शास्त्रीय नोंद क्वचितच होते.

मोजणी आणि खर्च

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात देशभरात बुडून होणाऱ्या मृत्यूंची संख्या तीस हजारांहून अधिक असते. नद्या, विहिरी, तळी आणि समुद्र या सर्वांचा त्यात समावेश असतो. बोट उलटणे, पाण्यात पडणे असे काही उपविभाग आहेत. पण ‘रिप प्रवाह’ असा रकाना नाही. ज्याची मोजणी होत नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही आणि तरतूद नसल्याने मोजणीची यंत्रणाही उभी राहत नाही.

ऑस्ट्रेलियाने हे चक्र मोडले. मृत्यूंच्या न्यायिक चौकशीच्या नोंदींतून प्रत्येक घटनेचे कारण तपासल्यावर असे आढळले, की २००४ ते २०११ या काळात रिप प्रवाहांमुळे तेथे दरवर्षी सरासरी किमान २१ मृत्यू झाले. वणवे, पूर, चक्रीवादळे आणि शार्क यांच्यामुळे होणाऱ्या सरासरी वार्षिक मृत्यूंच्या एकत्रित संख्येपेक्षा हा आकडा अधिक होता. गाजणाऱ्या आपत्ती आणि प्रत्यक्ष जीव घेणाऱ्या आपत्ती वेगळ्या असू शकतात, हे या मोजणीने दाखवून दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने २०२१ मध्ये सहा दिवस आधीपर्यंत रिप प्रवाहांच्या शक्यतेचा तासागणिक अंदाज देणारे प्रारूप कार्यान्वित केले.

किनाऱ्यावरील सुरक्षा ही सार्वजनिक वस्तूच्या व्याख्येत नेमकी बसते. जीवरक्षकाची नजर किंवा सुरक्षित जागा दाखविणारे लाल-पिवळे झेंडे यांचा लाभ एकाला मिळाल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही आणि पैसे न देणाऱ्याला त्यातून वगळताही येत नाही. त्यामुळे बाजारपेठ ही सेवा आपणहून पुरेशा प्रमाणात पुरवीत नाही. यात माहितीची विषमताही आहे. स्थानिक रहिवाशाला धोक्याची जागा ठाऊक असते, बाहेरगावच्या पर्यटकाला नसते. इतकेच नव्हे, तर त्याची समजूत वस्तुस्थितीच्या उलट असते. फ्लॉरिडातील पेन्सकोला किनाऱ्यावर केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात बहुसंख्य लोकांनी फेसाळ पाण्याला धोकादायक आणि सपाट पाण्याला सुरक्षित ठरविले होते. खाणावळी, निवासगृहे आणि वाहतूकदार यांना पर्यटनाचा लाभ होतो. दुर्घटनेची किंमत मात्र एखादे दूरचे कुटुंब मोजते. लाभ आणि खर्च यांची अशी फारकत झाली की शासनाचा हस्तक्षेप अपरिहार्य ठरतो.

या दिशेने काही पावले पडली आहेत. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा कार्यरत झाली. ओडिशातील पुरी येथे नोलिया मच्छीमार स्नान करणाऱ्यांचे रक्षक म्हणून परंपरेने काम करीत आले आहेत. पारंपरिक ज्ञान आणि स्थानिक रोजगार यांची सांगड कशी घालता येते, याचे ते उदाहरण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतातील आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. त्याच्या चार निकषगटांपैकी एक सुरक्षा व सेवा हा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील २० टक्के वाटा सौम्यीकरणासाठी राखून ठेवण्याची शिफारस केली होती. आपत्तीनंतरच्या मदतीइतकेच आपत्तीपूर्व प्रतिबंधालाही महत्त्व देणारे हे तत्त्व किनारी सुरक्षेलाही लागू व्हावे.

आवश्यक कामांची यादी मोठी नाही. गर्दीच्या पुळणींवरील धोक्याच्या जागांचे ऋतुनिहाय नकाशे, बुडण्याच्या प्रत्येक घटनेची कारणासह नोंद, ओहोटीच्या वेळा व लाटांची स्थिती सांगणारे मराठीसह स्थानिक भाषांतील फलक, प्रशिक्षित स्थानिक जीवरक्षक आणि शालेय सहलीपूर्वी दहा मिनिटांची माहिती. यांपैकी एकाही कामाला अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन म्हणून घोषित केला. तो पाळण्याची याहून चांगली रीत नाही.

समारोप

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासक्रमात सागरी प्रवाह म्हटले की गल्फ स्ट्रीम, कुरोशियो, हम्बोल्ट यांची नावे पाठ केली जातात. हजारो किलोमीटर वाहणाऱ्या त्या प्रवाहांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु उद्या जिल्ह्याच्या प्रशासनात बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या निर्णयावर ज्या प्रवाहातील माणसांचे प्राण अवलंबून असतील, तो काही मीटर रुंदीचा, काही मिनिटांत बळावणारा आणि कोणत्याही नकाशावर नाव नसलेला असेल. त्याच्या मुखाशी वेळेवर रोवलेला एक झेंडा आणि त्या झेंड्याचा अर्थ जाणणारा एक नागरिक, एवढ्यावर एखाद्या कुटुंबाची सहल सुखरूप घरी परतेल.